गिटारचे टवके

पिशवीची चेन उघडली तेव्हा आधी वास आला. नेलपॉलिशचा. तिने गिटार बाहेर काढली, खिडकीपाशी नेली आणि उजेडात तिरकी धरली.

पुढच्या फळीवर, खालच्या कडेजवळ, कलिंगडाच्या बीएवढा टवका उडाला होता. बाजूच्या कडेला दुसरा, उंदराने कुरतडल्यासारखा. पाठीवर तिसरा. तिन्ही टवक्यांत कोणीतरी तपकिरी मार्कर फासला होता, त्यावर नेलपॉलिश चोपडलं होतं आणि ते फिसकटल्यावर रिमूव्हरने पुसायला घेतलं होतं. नेलपॉलिश धड निघालं नव्हतं, पण भोवतालची चकाकी मात्र रिमूव्हरने खाऊन टाकली होती. पुढच्या टवक्याभोवती तळहाताएवढा भाग मोतीबिंदू झालेल्या डोळ्यासारखा आंधळा झाला होता.

ती दातांच्या लॅबमध्ये कामाला होती. दिवसभर परक्यांच्या तोंडात बसणारे दात घडवायची, घासायची, चकाकवायची. केसाएवढा उंचवटा राहिला तरी तिच्या बोटाला कळायचा. तिने टवक्यावरून बोट फिरवलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

घरातलं बाकी सगळं दोघांचं होतं, किंवा कोणाचंच नव्हतं. पडदे, फ्रीज, सोफा, भिंतीवरचं घड्याळ. गिटार तेवढी तिची होती. चाळिशी उलटल्यावर तिने ती घेतली, चार दुकानं पालथी घालून, प्रत्येक गिटार मांडीवर घेऊन, आवाज ऐकून. घरी आणली तेव्हा नवरा हसला होता. “आता या वयात टुंगटुंग?” तेव्हापासून त्या वस्तूचं नाव टुंगटुंगच पडलं. “झालं का टुंगटुंग? मग जेवायचं बघू या.” पाहुण्यांसमोर, फोनवर, कुठेही. तिने ते मनावर घ्यायचं नाही असं ठरवलं होतं आणि बऱ्यापैकी जमवलंही होतं.

“हे कोणी केलं?” तिने आतूनच विचारलं.

बाहेर टीव्हीचा आवाज कमी झाला. “काय गं?”

“इकडे ये.”

नवरा आला. दारातच थांबला. गिटारकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग परत गिटारकडे. “अरे बापरे,” म्हणाला. आणि मग, “भोपूला विचार.”

भोपू म्हणजे नवऱ्याचा धाकटा भाऊ. लहानपणी भोंग्यासारखा रडायचा म्हणून घरच्यांनी ठेवलेलं नाव, आता पस्तिशी आली तरी सुटलं नव्हतं. तो काम करायचा ते गोदाम बंद पडलं आणि नवीन काम मिळेपर्यंत तो यांच्या बाहेरच्या खोलीत राहायला आला होता. स्वभावाने गरीब. भांडी घासायचा, बल्ब बदलायचा, कोणी हाक मारली की उठून उभा राहायचा. तसाच आता उठून आला.

“भावजी, ही गिटार कोणी पाडली?”

भोपूने भावाकडे पाहिलं. मग जमिनीकडे. “माझ्याकडून पडली, वहिनी.”

“तुम्ही कशाला हात लावलात?”

“सहजच. बघत होतो.”

“आणि हे नेलपॉलिश? हेही सहजच?”

तो नुसता फरशीकडे बघत राहिला. ते बघून तिचा तोल गेला. ती बोलत सुटली. दुसऱ्याच्या घरात राहायचं, आयतं खायचं, आणि वर दुसऱ्याच्या वस्तूंची वाट लावायची. सांगायची हिंमत नाही, लपवायची अक्कल नाही. स्वतःचं आयुष्य धड सावरता येत नाही तो माणूस दुसऱ्याची गिटार काय सावरणार? हे शेवटचं वाक्य तोंडातून निघालं तेव्हा तिला कळलं की हे जरा जास्त होतंय. पण राग असा होता की कळूनही थांबता आलं नाही.

भोपूचे कान लाल झाले. तो एवढंच म्हणाला, “चुकलं, वहिनी.”

नवरा मध्ये पडला. “अगं, गिटारच आहे ती. माणूस तर नाही ना पडलं?”

तिने मान वळवली. “माणूस पडलं असतं तर तू त्याला मार्कर फासला असतास का?”

तो टीव्हीपुढे जाऊन बसला. त्या संध्याकाळी ती तिच्या गाण्याच्या गटाच्या सरावाला गेली नाही. सकाळी उठली तेव्हा बाहेरच्या खोलीतलं अंथरूण घडी करून ठेवलेलं होतं, घराची किल्ली चहाच्या डब्याशेजारी होती आणि भोपू गेला होता.

दुपारी सासूबाईंचा फोन आला. त्यांनी भोपूला सकाळीच फोनवर झापलं होतं, चांगलं अर्धा तास, हे त्यांनी आधी सांगून टाकलं. मग आवाज बदलला. “पण एवढ्यातेवढ्यावरून पोराला घराबाहेर काढायचं? वस्तू काय, येतात जातात.”

“मी काढलं नाही, आई. ते स्वतः गेले.”

“तू काय बोललीस ते मला कळलंय.”

कोणाकडून कळलं, हे तिने विचारलं नाही. घरात तीनच माणसं होती, त्यातल्या भोपूने तोंड उघडलं नसणार.

गिटार शिकवणाऱ्या सरांना तिने फोन केला. सरांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. तडा गेलाय का? नाही. आवाज बदललाय? नाही. “मग वाजवा हो. जुन्या गिटारला डाग असायचेच. शोभतात उलट.”

“माझ्या हातून पडलेले शोभतील, सर. हे दुसऱ्याने पाडलेत.”

सर हसले. तिला हसू आलं नाही. ते लक्षात आल्यावर त्यांनी सांगितलं, की टवके सुपरग्लूने भरता येतात. पातळ घ्यायचा, ट्यूबमधून थेट ओतायचा नाही, टूथपिकच्या टोकाने थेंब थेंब सोडायचा. लवकर वाळावा म्हणून वर काही फवारायचं नाही, नाहीतर बुडबुडे येऊन पांढरा पडतो. एक थर वाळला की दुसरा. भोवतालच्या पातळीच्या किंचित वर आला की खरवडून सपाट करायचा आणि मग घासायचा. “पण घाई केलीत तर आहे त्याहून वाईट होईल. राग गेल्यावर करा,” ते म्हणाले.

राग जायची वाट बघत बसली असती तर गिटार म्हातारी झाली असती. तिने सोमवारीच कामावरून येताना सामान आणलं. जेवणाच्या टेबलावरचं सगळं उचललं, जाड टॉवेल अंथरला, लॅबमधला वाकवता येणारा दिवा टेबलाच्या कडेला अडकवला आणि गिटार आडवी ठेवली.

“जेवायचं कुठे?” नवऱ्याने विचारलं.

“मांडीवर ताट घे.”

आठवडाभर तो सोफ्यावर मांडीवर ताट घेऊन जेवला. एकदा त्याच्या पँटवर सूप सांडलं. तिने मान वर केली नाही.

पहिलं काम होतं आधीची घाण काढायचं. टवक्यांत घट्ट बसलेलं नेलपॉलिश तिने लाकडी काडीने, जरा जरा, लॅबमध्ये दातांच्या कडा कोरतात तसं कोरून काढलं. रिमूव्हर परत वापरणं शक्यच नव्हतं. मार्करचा रंग लाकडात मुरला होता, तो पूर्ण निघाला नाही. प्रत्येक कणाबरोबर ती मनात भोपूला एक शिवी देत होती. पडली तर पडली, माणसाच्या हातून वस्तू पडते. पण सांगायचं ना! त्याच दिवशी सांगितलं असतं तर तीन छोटे स्वच्छ टवके भरायचे होते. आता हे धुकं कोणी भरायचं? पडून जेवढं बिघडलं नव्हतं त्याच्या दुप्पट लपवण्याने बिघडलं होतं.

मग तिने टवक्याभोवती कागदी चिकटपट्टी लावली, टूथपिकचं टोक ग्लूत बुडवलं, श्वास रोखला आणि पहिला थेंब सोडला. थेंब टवक्यात पसरला, कडांना भिडला आणि त्याखालचं लाकूड ओलं दिसायला लागलं. डोळ्यांना वाफ झोंबली. पिशवी उघडली त्या दिवसापासून पहिल्यांदा तिचे खांदे थोडे सैल झाले. दिवसाला एक थर, कधी दोन. बाकी वेळ गिटार टेबलावर तशीच पडून, दवाखान्यातल्या पेशंटसारखी, आणि घरात कोणी कोणाशी बोलत नव्हतं.

पुढचा आणि बाजूचा टवका भरत आल्यावर तिने गिटार पालथी केली. पाठीवरचा राहिला होता. दिवा खाली ओढला, उजेड तिरका पडला आणि तिला ते दिसलं.

पाठीच्या मधोमध, जरा वर, ओरखड्यांचा एक पुंजका होता. बारीक, आखूड, जवळजवळ सगळे उभे. पडल्यावर उठणारे हे ओरखडे नव्हते. गिटार अंगाशी धरून कोणी उभ्याने वाजवली, की पोटाशी जे काही टोचतं त्याचे असे वण उठतात. ती स्वतः नेहमी बसून वाजवायची, अंगावर धातूचं काही न ठेवता, सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं म्हणून.

भोपू? भोपू घरात आल्यापासून नाडीच्या पँटमध्येच वावरत होता. त्याच्याकडे पट्टाच नव्हता. मुलाखतीला जायचं तर भावाचा मागून घ्यायचा.

आणि भावाच्या पट्ट्याला ते चौकोनी, जाडजूड बकल होतं. त्याचा एक कोपरा उचकटला होता. सोफ्याचं कव्हर त्यानेच फाटलं होतं, खुर्चीची पाठ त्यानेच सोलली होती, आणि बदल म्हणून सांगितलं तर “अजून चांगला आहे,” असं उत्तर मिळालं होतं.

तिने बोट पुंजक्यावर ठेवलं. हे एका दिवसाचे ओरखडे नव्हते. काही ताजे होते, काही जुने, धूळ बसलेले.

ती उठून नवऱ्याच्या अंगावर धावून गेली नाही. तिला स्वतःलाच याचं नवल वाटलं. राग इतका मोठा झाला होता की तो कुठून बाहेर काढावा हेच कळेना. ती परत कामाला लागली. पाठीवरचा टवका साफ केला, पट्टी लावली, टूथपिक बुडवला. फक्त या वेळी श्वास रोखायला विसरली. थेंब जरा मोठा पडला आणि पट्टीवरून ओघळायला लागला.

नेमका तेव्हाच नवरा स्वयंपाकघरातून पाणी घेऊन येत होता. आठवडाभराच्या अबोल्याला तो कंटाळला होता आणि काहीतरी निमित्त शोधत होता. “अगं, ओघळला बघ!” म्हणत त्याने ग्लास ठेवला, टेबलावरच्या डब्यातून कापसाचा बोळा उचलला आणि थेंबावर दाबला.

“कापूस नको!” ती ओरडली.

उशीर झाला होता. कापसाला हा ग्लू लागला की तो तापतो, लॅबमध्ये हे सगळ्यांना माहीत असतं. बोळ्यातून धुराची रेघ निघाली. नवरा “आई गं!” करत मागे सरला, हात झटकायला लागला, पण बोळा अंगठा आणि दोन बोटांच्या मध्ये असा बसला की निघेना. बोटंही एकमेकांना चिकटली. तिने त्याला मनगटाला धरून मोरीवर नेलं, गार पाणी सोडलं. चटका फार नव्हता, बोटांच्या टोकांना लाली आली होती.

“काढ ना हे!”

“रिमूव्हरने निघतं. कुठंय रिमूव्हर?”

त्याने नळ आणखी मोठा सोडला.

“आरशामागे बाटली होती माझी. भरलेली. मी बघून आले, रिकामी आहे.”

“भोपूने...” त्याने सुरुवात केली आणि सोडून दिली.

तिने एका भांड्यात कोमट पाणी आणि साबण घेतला, त्याला स्टुलावर बसवलं आणि त्याचा हात भांड्यात बुडवला. “बस. ओढायचं नाही, कातडी निघेल. सावकाश सुटतं.” मग समोर दुसरी खुर्ची ओढून ती बसली. “सुटेपर्यंत वेळ आहे आपल्याकडे. बोल.”

“काय बोलू?”

“तुझा पट्टा गिटारच्या पाठीवर काय करत होता ते बोल.”

त्याने पाण्यातल्या पाण्यात कापूस ओढून बघितला.

“मी विचारतेय.”

“वाजवत होतो,” तो म्हणाला.

“कधी?”

“तू लॅबमध्ये असताना. माझी सुट्टी असायची तेव्हा. आरशासमोर उभा राहून.” तो तिच्याकडे न बघता बोलत होता. “मागच्या वर्षी तारा बदलायला तू गिटार दुकानात टाकायला सांगितली होतीस ना, तेव्हा ती गाडीत होती. ऑफिसातल्या चष्मेवाल्याने बघितली. तुमची का, म्हणाला. मी हो म्हटलं. का म्हटलं कोण जाणे. नुसतं हो म्हटलं. मग तो सगळीकडे सांगत सुटला. लोक यायचे टेबलापाशी, साहेब पण. कोणी असं कधी माझ्या टेबलापाशी येत नाही गं. मग मी म्हटलं, निदान एक तरी धून शिकू या. तू रोज ते जे वाजवतेस, सुरुवातीचं, ते ऐकून ऐकून बसवलं.”

“मी वाजवलेलं.”

“हो.”

“टुंगटुंग.”

त्याने मान खाली घातली.

पुढचं तिने एकेक प्रश्न विचारून काढून घेतलं. साहेबांचा निरोप समारंभ होता. सगळ्यांनी गळ घातली. तो गिटार घेऊन गेला, उभा राहिला, सुरुवातीचं वाजवलं आणि पुढे अडकला. परत सुरुवातीपासून वाजवलं, परत तिथेच अडकला. मागून कोणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. तो बोट दुखतंय म्हणून निघाला, घाईत पिशवीची चेन अर्धवट लावली, आणि जिन्यात गिटार पिशवीतून घसरून तीन पायऱ्या आपटत गेली. मार्कर आणि नेलपॉलिशही त्याचंच काम होतं.

“आणि भोपू?”

“त्याला म्हटलं तू नाव घे. तो पाहुणा, तू त्याला फार बोलणार नाहीस असं वाटलं.”

“मी त्याला काय काय बोलले ते तू ऐकत होतास. दारात उभा होतास. माणूस नाही ना पडलं, म्हणालास. आणि आईंना फोन करून मी काय बोलले तेही तूच सांगितलंस.”

“मला वाटलं दोन दिवसांत निवळेल.”

ती उठली. तिला एकदम इतकं ओरडावंसं वाटलं की शेजारच्या दोन इमारतींना ऐकू जावं. “पाच वर्षं!” ती ओरडलीच. “पाच वर्षं तू मला चारचौघांत हसलास. मला वाटायचं, नसेल आवडत एखाद्याला. आणि तुला तर हवी होती! तुला ती इतकी हवी होती की चोरून घेतलीस! एकदा म्हणायचं, मला शिकव. एकदा! मी शिकवलं नसतं का?”

“लाज वाटली.”

“भावाला पुढे करताना नाही वाटली?”

पाण्यात बोटं सुटायला लागली होती. कापसाचा एक पुंजका वर तरंगत आला.

तिने त्याचा फोन आणला, सासूबाईंचा नंबर लावला, स्पीकर सुरू केला आणि फोन त्याच्या पुढे धरला. “सांग.”

“आत्ता?”

“आत्ता.”

त्याने सांगितलं. अडखळत, मधलं थोडं गाळून. गाळलेलं तिने भरलं. तिला वाटलं, आता इकडेही चांगला अर्धा तास लागणार.

“बरं, बरं,” सासूबाई म्हणाल्या. “झालं ते झालं. तुला लागलं नाही ना कुठे जिन्यात?”

तिने फोन बंद केला. नवऱ्याकडे पाहिलं. त्यालाही ते ऐकू आलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा ऐकू आलं असावं, असा त्याचा चेहरा झाला होता.

भोपू एका मित्राकडे राहत होता, टायरच्या दुकानावरच्या खोलीत. दुसऱ्या दिवशी लॅबमधून ती सरळ तिकडे गेली. जिन्याला रबराचा वास होता. दार उघडं होतं आणि भोपू एका छोट्या शेगडीवर अंडं तळत होता. तिला बघून सवयीने तो सरळ उभा राहिला आणि मग, आठवल्यासारखा, परत तव्याकडे वळला.

“तुमच्या दादाने सांगितलं मला,” ती म्हणाली.

“हं. मलाही फोन आला होता त्याचा.”

“भावजी, मी फार वाईट बोलले. माझं चुकलं.”

भोपूने अंडं उलटलं. पिवळं फुटून तव्यावर पसरलं. “वहिनी, एक विचारू?”

“विचारा.”

“मी इतके दिवस तुमच्याकडे होतो. तुमच्या गिटारला कधी हात लावला? तुम्ही वाजवायला बसायचात तेव्हा मी बाहेरच्या खोलीचा पंखासुद्धा बंद करायचो, आवाज नको म्हणून.” त्याचा आवाज चढला. तिने त्याचा चढलेला आवाज पहिल्यांदाच ऐकला. “मी म्हटलं माझ्याकडून पडली, आणि तुम्हाला लगेच पटलं! कुठे पडली, कशी पडली, एक प्रश्न नाही. दादाने सांगितलं म्हणून मी खोटं बोललो, ती माझी चूक. पण तुम्हाला ते इतकं सहज पटावं? का, तर घरात नोकरी नसलेला मीच एक म्हणून.”

तिच्याकडे सबब होती, राग होता, भरपूर शब्द होते. पण त्यातलं काहीच उपयोगाचं नव्हतं. “हो,” ती म्हणाली. “तसंच झालं.”

त्याने अंडं ताटलीत काढलं, दोन भाग केले आणि एक तिच्यापुढे सरकवला. दोघांनी उभ्यानेच खाल्लं.

“घरी चला,” ती म्हणाली.

“नाही. इथे खाली काम मिळतंय, बघतो. आणि दादाचं तोंड सध्या मला बघायचं नाही.” मग जरा थांबून, “भरले का टवके?”

“दोन भरले. खरवडायचे आहेत.”

“जपून करा,” तो म्हणाला.

रविवारी सकाळी तिने खरवडायला घेतलं. ब्लेडच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी गुंडाळली, मधली थोडीच धार उघडी ठेवली, म्हणजे ती फक्त ग्लूच्या उंचवट्याला लागेल, आजूबाजूच्या चकाकीला नाही. ब्लेड जवळजवळ उभं धरून ती स्वतःकडे ओढत होती. पिठासारखी पांढरी भुकटी निघत होती. खरवडायचं, फुंकर मारायची, बोट फिरवायचं. परत खरवडायचं. मग खोडरबराला गुंडाळलेला पॉलिश पेपर, ओला करून, आधी बारीक, मग त्याहून बारीक. शेवटी लॅबमधली पॉलिशची पेस्ट मऊ फडक्यावर घेऊन गोल गोल.

नवरा दारात येऊन उभा राहायचा आणि जायचा. त्याने नवीन पट्टा आणला होता, साध्या बकलचा. तिने बघितलं आणि परत फडकं फिरवायला घेतलं.

टवके भरले. डोळे मिटून बोट फिरवलं तर तिलाही जागा सापडेना. उजेड तिरका धरला तर तपकिरी ठिपका आत बसलेला दिसायचा, मार्करचा, तो कायमचा होता. आंधळा भाग घासून बराच उजळला, पण सगळा नाही. सर म्हणाले, आणखी घासलंत तर खालचं लाकूड उघडं पडेल, थांबा. ती थांबली.

घरात बोलणं सुरू झालं होतं, कामापुरतं. दूध संपलंय. गॅसवाला येणार आहे. नवरा भोपूकडे जाऊन आला. एकदा नव्हे, तीनदा. दोनदा भोपूने दार उघडलं नाही. तिसऱ्यांदा उघडलं, तेव्हा काय बोलणं झालं ते तिला दोघांपैकी कोणी सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. नवरा परत आला तेव्हा त्याचे डोळे सुजले होते. तिला वाईट वाटलं, पण कमी.

महिनाभराने ती फळांच्या दुकानात रांगेत उभी होती. पुढच्या माणसाने वळून पाहिलं. जाड काचांचा चष्मा. नवऱ्याच्या ऑफिसातला, शेजारच्या टेबलावरचा.

“वहिनी ना तुम्ही?” तो खुशीत म्हणाला. “अहो, मिस्टर तुमचे छुपे कलाकार! त्या दिवशी बोट दुखत होतं म्हणून राहिलं. पण सुरुवात काय सुंदर होती! आम्ही अजून म्हणतो, परत एकदा ऐकवा म्हणून.”

सगळा राग जागच्या जागी होता. एक थेंब कमी झाला नव्हता. म्हणजे ऑफिसात नवऱ्याने अजून खरं सांगितलेलं नाही. अजूनही तिथे गिटार त्याची आहे.

“तो वाजवत नाही,” ती म्हणाली. “मी वाजवते. गिटार माझी आहे. ती सुरुवातही माझीच आहे, त्याला पुढचं येत नाही.”

चष्मेवाल्याचा हात सफरचंदांवर थांबला. “म्हणजे?”

“पुढचं ऐकायचं असेल तर शनिवारी संध्याकाळी वाचनालयाच्या हॉलमध्ये या. आमचा कार्यक्रम आहे. ऑफिसातल्या सगळ्यांना आणा.”

शनिवारी तो आला, आणि सहा-सात जण घेऊन आला. तिच्या गटात तिघंच होती. औषधांच्या दुकानातली मुलगी गायची, निवृत्त टपालवाला माउथ ऑर्गन वाजवायचा आणि ती. नवरा तिच्याबरोबर आला होता. ऑफिसच्या मंडळींना बघून त्याच्या चेहऱ्याचा रंग उतरला. पळून जायला दार जवळ होतं. तो गेला नाही, शेवटच्या रांगेत बसला. थोड्या वेळाने भोपू आला, हातावर टायरचा काळा डाग तसाच घेऊन. त्याने मागे भावाकडे पाहिलं, एकदा मान हलवली आणि पुढे जाऊन पहिल्या रांगेत बसला.

तिने ती सुरुवात वाजवली. मागच्या रांगेत कुजबुज झाली, कोणीतरी वळून नवऱ्याकडे पाहिलं. मग ती पुढे गेली, तो जिथे अडकला होता तिथून पुढे, आणि शेवटपर्यंत न थांबता वाजवत राहिली. तिने जरा जोरातच वाजवलं. गाणाऱ्या मुलीला तिच्याबरोबर धावावं लागलं. टाळ्या झाल्या तेव्हा भोपू सगळ्यात शेवटी थांबला.

घरी जाताना रस्त्यावर दुकानं बंद होत होती. नवऱ्याने गिटारची पिशवी घ्यायला हात पुढे केला. तिने दिली नाही. तो शेजारून चालत राहिला.

“तू त्यांना मुद्दाम बोलावलंस,” तो म्हणाला.

“हो.”

“सगळ्यांसमोर लाज वाटली मला.”

“वाटू दे.”

कोपऱ्यावर वळल्यावर तो हळूच म्हणाला, “पुढचं ऐकलं मी. मला वाटायचं ते तिथेच संपतं.”

तिने पिशवीचा पट्टा खांद्यावर सारखा केला आणि पाय उचलले. तो मागे पडला तर पडू दे, असं म्हणून ती भराभर चालत राहिली, आणि तो मागून येत राहिला.